तव्याचं काळं

लीड्स, इंग्लंड
२ नोव्हेंबर १९६३

ती. वहिनीस,

फुलाचा जयभीम. दादालाही सांग. तुझं मागचं पत्र मी ड्युटीवर असताना वॉर्डातच फोडलं आणि इतकी हसले की मोठ्या सिस्टरने डोळे वटारले. 'तिकडे थंडीत अंगणात शेकोटी करता की नाही' असं विचारलंस. वहिनी, इथे अंगणच नाही, शेकोटी कुठे करू?

आता कामाचं. हे पत्र एकदा वाचून डब्यात टाकू नकोस, दोनदा वाच.

देविदासचं महागावहून पत्र आलं. त्याची आई, तानाबाई, पोटाच्या मोठ्या दुखण्यातून नुकती उठली आहे. डॉक्टरांनी तेल बंद केलं आणि ताकदीसाठी रोज अंडं खा म्हणून सांगितलं. उकडलेल्या अंड्याचा म्हातारीला वाससुद्धा चालत नाही. तिला अंड्याची पोळीच हवी. तेलाशिवाय ती तव्याला अशी चिकटते की निम्मी म्हातारीच्या पोटात आणि निम्मी तव्याच्या अंगावर. देविदास बिचारा दिवसभर शाळेत पोरांना शिकवतो आणि घरी येऊन तवा खरडत बसतो.

त्यात पुसदचं एक स्थळ त्याच्यासाठी सांगून आलं आहे. तानाबाईचं माझ्याबद्दलचं म्हणणं तुला माहीतच आहे : "विलायतेत राह्यलेली पोट्टी चुलीपुढं बसन का?" जानेवारी सरायच्या आत पुसदकरांना हो की नाही ते कळवायचं आहे. आईचं मन मोडून देविदास लग्न करणार नाही, आणि तसं मलाही नको. पण लग्न करीन तर त्याच्याशीच, हे मी तुला विहिरीवर सांगितलं होतं, आजही तेच सांगते.

म्हणून मी तानाबाईसाठी एक तवा पाठवते आहे. यवतमाळचे डॉक्टर भगवानराव इथलं शिक्षण संपवून विमानाने परत निघालेत, त्यांच्या सामानात दिला आहे. तव्याच्या आतून एक काळा, गुळगुळीत लेप आहे. त्यावर तेलाचा थेंब न टाकता अंडं फोड, हलवलं की घसरगुंडीवरच्या पोरासारखं सरकतं. तू तो तवा आपल्या हाताने महागावला नेऊन दे आणि तानाबाईला पोळी करून दाखव.

फक्त एक लक्षात ठेव. त्या तव्याला लोखंड लावायचं नाही. पोळी उलटवायचा सराटा नाही, चमचा नाही, सुरी नाही. मी इथल्या सामाईक स्वयंपाकघरात पहिल्याच आठवड्यात पोलादी काट्याने अंडं उलटवलं, तर आयर्लंडची एक पोरगी असं किंचाळली की मला वाटलं हिला विंचू चावला. उलटवायला लाकडी उलथणं सोबत ठेवलं आहे. आणि राख तर मुळीच लावू नकोस. नुसत्या पाण्याने धुवायचा.

तुझी,
फुला

—

दारव्हा
१० डिसेंबर १९६३

चि. फुलास इंदूचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझा तवा पोचला. यवतमाळच्या डॉक्टरसाहेबांचा माणूस कापसाच्या जिनात येऊन तुझ्या दादाच्या हाती देऊन गेला. सोबत चिठ्ठी नव्हती. पण तुझ्या मनातलं कळायला मला चिठ्ठी कशाला लागते? आपला तवा मधोमध तडकला असं मी उन्हाळ्यात लिहिलं होतं, ते तू ध्यानात ठेवलंस. इतकी लांब जाऊनही वहिनीच्या तव्याची आठवण ठेवणारी नणंद कुणाला आहे? मी पदराने डोळे पुसले. तुझे दादा म्हणाले, "तव्यासाठी रडते का व येडे?" त्यांना काय कळतं.

पण फुला, रागावू नकोस, दुकानदाराने तुला फसवलं. एकटी पोर पाहून वापरलेला तवा गळ्यात मारला. बुडापासून काठापर्यंत आतून काळाकुट्ट. जळलेलं थरावर थर बसलेलं. बिजलीबाई तांड्यावरून अंडी घेऊन आली होती, तिने पाहिला आणि म्हणाली, "इंग्रज जाऊन इतके सालं झाले, पन भांडे काई घासले नाई त्याईनं."

तरी म्हटलं, आधी एक पोळी करून बघू. अंडं टाकलं, सराटा खाली घातला आणि उलटवलं, तशी काळी खपली निघून पोळीत आली. आणखी खरडलं, आणखी निघाली. म्हणजे निघण्यासारखं होतं! मग मी थांबते होय? राख घेतली. राखेने भागलं नाही म्हणून विटकरीची भुकटी घेतली. शेवटी छपरावरच्या कवेलूचा तुकडा घेऊन बसले आणि हाताची सालं निघाली तरी उठले नाही. आतून निघालं काय, तर आपलं साधं जर्मन! अॅल्युमिनियम गं, आपल्या बाजारात मिळतं तेच. पण आता असा चकचकीत झाला आहे की त्यात पाहून भांग पाडावा. मांडणीवर मधोमध ठेवला आहे.

तू म्हणशील, वहिनीला भांड्यांचं वेड आहे. आहेच. एके काळी ज्यांनी आपल्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, त्यांच्यातली कुणी उद्या माझ्या घरी आली तर तिला मांडणीवर एक काळा डाग दिसता कामा नये. तुझी भेट तशी काळी ठेवली असती तर मला झोप आली नसती.

सोबत एक लाकडी फळकूट होतं. चुलीतले निखारे सारायला बरं आहे, फक्त जळतं लवकर.

तुझीच,
इंदूवहिनी

ता. क. अंडं अजून चिकटतंच, पण त्यात तव्याचा काय दोष?

—

लीड्स
१९ डिसेंबर १९६३

वहिनी,

तू हे काय केलंस!

माझं पत्र तुला मिळालंच नाही का? आज पोस्टात विचारलं. मी तिकिटं कमी लावली होती, म्हणून ते विमानाऐवजी बोटीने गेलं. म्हणजे तवा उडत आला आणि त्याची अक्कल पाण्यातून येते आहे.

ऐक. ते काळं म्हणजे जळलेलं नव्हतं. तो लेप होता. त्याच्यामुळेच अंडं चिकटत नाही. तू जे घासून काढलंस, तेच मी विकत घेतलं होतं! उरलं ते जर्मन मला दारव्ह्याच्या आठवडी बाजारातही मिळालं असतं.

आणि वहिनी, कोणत्या तोंडाने लिहू, तो तवा तुझ्यासाठी नव्हता. तानाबाईसाठी होता. तिला तेल बंद आहे आणि रोज अंड्याची पोळी हवी आहे. देविदासने तिला सांगूनही टाकलं आहे की पंचफुलाने इंग्लंडहून तुझ्यासाठी तवा धाडला आहे, अंडं चिकटत नाही. म्हातारी म्हणाली म्हणे, "येऊ दे, पाहू." या 'पाहू'वर माझं सगळं लटकलं आहे. महिनाभरात पुसदला निरोप जाणार. दुसरा तवा पाठवायला इथून कुणी निघत नाही, आणि बोटीने तो येईपर्यंत पुसदची मुलगी त्या घरात नांदायलाही लागेल.

तुला माझ्या मनातलं चिठ्ठीशिवाय कळतं असं लिहिलंस ना? आता कळतंय का? मला रडू येतं आहे आणि तुझं ते फळकूट आठवून हसूही येतं आहे. अशा अवस्थेत मी इंजेक्शनं देते आहे. देव करो आणि पेशंट वाचो, असं म्हणायचीही सोय नाही, देव तर आपण सोडून आलो.

काहीतरी कर. काय ते मला सुचत नाही.

फुला

—

दारव्हा
१६ जानेवारी १९६४

चि. फुलास जयभीम व आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. बोटीचं मागाहून आलं, ओलं होऊन.

महागावला जाऊन आले. तवा दिला. पोळी केली. चिकटली नाही. तानाबाईने खाल्ली. तुझं नाव चांगलं निघालं.

जास्त विचारू नकोस. सध्या कापसाचा हंगाम आहे, जिनाबाहेर बैलबंड्यांची रांग लागली आहे, तुझे दादा जेवायलासुद्धा घरी येत नाहीत. मला लिहायला वेळ नाही. तब्येत जप. गरम कपडे घाल.

इंदूवहिनी

—

लीड्स
२८ जानेवारी १९६४

ती. वहिनीस जयभीम.

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. तू कधी एवढं थोडं लिहीत नाहीस. बिजलीबाईच्या कोंबडीला ताप आला तरी मला पानभर मिळतं, आणि माझं लग्न राहतं की जातं ते दोन ओळींत? मी तुला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली ती याच्यासाठी का?

वहिनी, त्या घासलेल्या तव्यावर तेलाशिवाय अंडं न चिकटणं मला शक्य वाटत नाही. काल देविदासचं पत्र आलं, त्याने तर माझं डोकंच फिरवलं. लिहितो, 'आईला तवा आवडला, पण त्याहून तुझी पानाची युक्ती आवडली. ती विचारते आहे, इंग्लंडात पळस असतो का?'

इंग्लंडात पळस नाही! माझी कोणतीही पानाची युक्ती नाही! तू त्या बाईला माझ्या नावावर काय सांगून आलीस? मी आता काय उत्तर देऊ? 'हो, आमच्या इस्पितळाच्या फाटकाशी पळसाचं बन आहे' असं लिहू?

सगळं सांग. काही लपवू नकोस. तुला माझी शपथ.

फुला

—

दारव्हा
९ फेब्रुवारी १९६४

चि. फुलास,

शपथ घातलीस म्हणून सांगते.

तुझं ते 'वहिनी, तू हे काय केलंस' आलं तेव्हा मी चुलीपुढेच होते. वाचलं आणि मान वर केली. मांडणीवरचा तवा माझ्याकडे बघून चमकत होता. उचलून परसात फेकावासा वाटला. मग म्हटलं, निदान परीक्षा तरी घेऊ. तेल न लावता अंडं टाकलं. फुला, असं चिकटलं की सराट्याने निघेना, शेवटी खुरपं आणलं. मी रात्री जेवले नाही. तुला लहानाची मोठी केली ती याच हातांनी, आणि तुझ्या संसाराला खरवडून काढलं तेही याच हातांनी, असं मनात येत होतं. तुझ्या दादांना काही सांगितलं नाही. ते म्हणाले असते, "दुसरा घेऊन टाक बाजारातून."

शेवटी ठरवलं, जायचं आणि तानाबाईपुढे खरं बोलायचं. चूक माझी, पोरीची नाही. तवा पिशवीत घातला आणि सराटाही घातला. का घातला मला माहीत नाही, हाताला सवय.

दिग्रस सोडून पुसदच्या वाटेला लागल्यावर एसटी तापली. ड्रायव्हर पाणी आणायला ओढ्यावर गेला, सगळे खाली उतरले. रस्त्याच्या कडेला पळस होता. पानं जून झालेली, पण अजून गळली नव्हती. मी त्या पानांकडे बघत राहिले आणि माझ्या डोक्यात एकदम आलं, अगं, आपण पानगे करतो! पळसाच्या पानात कणीक थापून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवतो, ती कधी पानाला चिकटते का? मग अंडं का चिकटेल? मी पदर खोचला आणि पानं तोडायला लागले. कंडक्टर म्हणाला, "वो बाई, पत्रावळी लावता का इथंच? पंगत हाय का?" मी म्हटलं, "हाय. माह्या नणंदेच्या लग्नाची." सगळी एसटी हसली.

तानाबाई दारातच बसली होती. वाळलेली, पण डोळे कसे, सुईत दोरा ओवावा असे. मी तवा काढून दिला. तिने हातात घेतला, उलटा केला, नखाने वाजवला आणि म्हणाली, "हे तं जर्मन हाय. हे महागावात भेटते. याच्यासाठी पोट्टी विलायतेले गेली का?"

फुला, त्या घडीला मला खरं बोलायचं होतं. देवाशपथ, म्हणजे बाबासाहेबांची शपथ, तोंड उघडलंही होतं. पण तिच्या मागे खुंटीला देविदासचा सदरा अडकवलेला दिसला. कोपराशी उसवलेला. शिवणाऱ्या माणसाची वाट बघणारा. आणि माझ्या तोंडून निघालं, "मावशी, तवा निसता नावाले. खरी गंमत तं युक्तीची हाय. फुलानं लिहून पाठवली."

मग मी चुलीशी बसले. पान धुतलं, ओलंच तव्यात पसरलं, त्यावर अंडं फोडलं, मीठ टाकलं, वरून दुसरं पान झाकलं. लोखंडी सराटा पानाखालून घातला आणि सगळंच्या सगळं उलटं केलं. लोखंड तव्याला लागलं, लागू दे, आता त्याला काय जखम होणार? पानं काळपटली, धूर आला, वास सुटला. वरचं पान सोललं तर पोळी अशी निघाली की एक कण पानाला राहिला नाही. तेलाचा थेंब नाही. तानाबाईने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, गेलं सगळं. तर म्हणाली, "आनखी एक कर."

दुसरी खाताना विचारलं, "पोरगी एवढी दूर, तिले पळसाचं पान कसं सुचलं?" मी म्हटलं, "तिले आपल्याकडचं सारं आठवते, मावशी. थे तिकडं राह्यते, पन तिचा जीव इथंच हाय." हे मात्र खोटं नव्हतं ना?

आता तू ठरव काय लिहायचं. पळस नाही म्हण, पण युक्ती नाही म्हणू नकोस. पुसदला निरोप गेला की नाही ते मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. मी खोटं बोलले ते एक वेळ पचेल. पण माझ्या घासण्यापायी तुझं घर मोडलं तर मी तो सराटा पुन्हा हातात धरणार नाही.

इंदूवहिनी

—

महागाव
२३ फेब्रुवारी १९६४

प्रिय पंचफुला,

आई सांगते आहे, मी लिहितो आहे. एकही शब्द सुधारायचा नाही अशी ताकीद आहे. मास्तर असून मला हे फार जड जातं आहे.

'पोरी पंचफुला, तुले तानाबाईचा जयभीम. मी आता चांगली हाय. काल या देविदासले दोन धपाटे देल्ले, त्याच्यावरून समज का अंगात ताकद आली. (एकच दिला. – देविदास)

'तुह्या तव्याचं सांगतो. तुही वैनी घेऊन आली थो तवा आरशावानी होता. पन म्या उलटापालटा करून पायला, तं दांडी जिथं खिळ्यानं ठोकली हाय नं, तिथं सांदीत काळं राह्यलं होतं. मले वाटलं, एवढी घासनारी बाई, अन् इथं काहून हात नाई पोचला? थे गेल्यावर आठ-दहा दिवसानं म्या दाभन घेतला अन् बसली कोरत. सारं काढलं. देविदास शाळेतून आला, पायलं, अन् कपाळाले हात लावला. म्हणे, "आई, तेच तं खरं सामान होतं! त्याच्यावर अंडं चिकटत नाई असं पंचफुलानं लिहिलं होतं." म्हणजे पोरी, बाकीचं तुह्या वैनीनं घासलं अन् उरलंसुरलं म्या. दोघीईनं मिळून तुह्या तव्याची वाट लावली. आता मले सांग, काळं भांडं घरात ठेवते कोनी? इंग्रजाईले समजत नाई तं आपन काय करावं?

'मंग म्या इचार केला. तवा असा बिघडला, म्हणजे युक्ती तुही नोहे. पळसाचं पान जिले ठाऊक, थे पोट्टी सातासमुद्रापलीकडून तवा कायले पाठवन? वैनी माह्या तोंडावर खोटं बोलली. बोलता बोलता पदराचा काठ पिळून राह्यली होती, तव्हाच मले शंका आलती.

(इथे आई उठून चुलीतलं लाकूड सारून आली. मी विचारलं, पुढे? म्हणाली, "लिहून राह्यला का मले पाहून राह्यला?")

'बाई, म्या लय लोकाईचं खोटं पायलं. सारे आपल्यासाठी बोलतात. हे बाई नणंदेसाठी बोलली. आपली युक्ती आपल्या हातानं दुसरीच्या नावावर करून देल्ली, अन् वरून मले पोळ्या करून खाऊ घातल्या. म्या तिले विचारलं, तू तं खाय, तं म्हणे, मले भूक नाई. तिले चिंता होती, भूक कुठून राहीन?

'ज्या घरात अशी वैनी, त्या घरची पोट्टी चुलीपुढं बसते का नाई, हे मले आता पाहाचं नाई. नाई बसली तं हा देविदास बसन, त्याले तवा खरडाची सवय हाय. पुसदले म्या नाई म्हणून कळवलं. तू उन्हाळ्यात ये. पावसाच्या आत लगन उरकून टाकू.

'एक सांगतो, थे पाळजो. मले समजलं हे तुह्या वैनीले सांगू नको. बिचारी लय मेहनतीनं खोटं बोलली.'

आईचं संपलं. माझ्यासाठी जागा उरली नाही, कागद तिनेच संपवला. एवढंच लिहितो की आई म्हणते, तुझी वहिनी खुंटीवरच्या माझ्या उसवलेल्या सदऱ्याकडे बघत होती; तो अजून तसाच आहे, आणि आता मी तो मुद्दाम शिवत नाही.

देविदास

—

लीड्स
७ मार्च १९६४

ती. वहिनीस,

जयभीम, आणि आज त्याच्या जोडीला एक घट्ट मिठी, ती दादाला देऊ नकोस, तुझ्यासाठीच आहे.

तानाबाईचं पत्र आलं. पुसदला नाही म्हणून कळवलं! मी ते वॉर्डाच्या जिन्यात उभी राहून वाचलं, मग तिथेच पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. मोठी सिस्टर धावत आली, तिला वाटलं घरी कुणी गेलं. मी म्हटलं, नाही, माझं लग्न ठरलं. ती म्हणाली, तुमच्याकडे मुली असंच रडतात का? मी हो म्हटलं, तेवढ्यात समजावून कुठे सांगू. आयर्लंडच्या पोरीने मात्र अख्खी गोष्ट ऐकून घेतली. कवेलूच्या तुकड्यापाशी आल्यावर तिने दोन्ही हातांनी कान झाकले.

मे महिन्यात निघते. मुंबईहून थेट दारव्ह्याला येईन, आधी तुझ्याकडे, मग बाकीचं. दुसरा तवा आणणार नाही, धास्ती घेऊ नकोस. पावसाआधी पळसाला नवी पानं आलेली असतील. ते पानावरचं अंडं मला तूच शिकव, पोळी नीट निघेपर्यंत उठू देऊ नकोस. सासरी गेल्यावर 'माझी' युक्ती म्हणून मला ते करून दाखवावं लागणार आहे.

आणि आंदण म्हणून मला काही नको, फक्त तो लोखंडी सराटा दे. देणार नाहीस, मला माहीत आहे. तरी मागते.

आता तुला ज्याची काळजी आहे ते सांगते. तानाबाईचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वहिनी, तू अगदी निर्धास्त राहा. पानाची युक्ती माझीच, असं त्यांनी पक्कं धरलं आहे. तू इतक्या सफाईने बोललीस की त्यांना काही म्हणजे काहीच कळलेलं नाही.

तुझी,
फुला